‘कंपनीत आहे’च्या पुढे: इंग्रजीत आपल्या कामाविषयी कसे बोलावे

पुण्यात कोणाला ‘काय करता?’ असे विचारले, तर ‘कंपनीत आहे’, ‘बँकेत आहे’ किंवा ‘आयटीत आहे’ एवढ्या उत्तरावर विचारणाऱ्याचे समाधान होते. उरलेला तपशील तो राहण्याच्या पेठेवरून आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरून स्वतःच जुळवून घेतो. हेच उत्तर जसेच्या तसे इंग्रजीत नेऊन ‘आय ॲम इन कंपनी’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझ्या संध्याकाळच्या संभाषणवर्गात भोसरी-चाकणकडून पहिली पाळी संपवून येणारे बरेच जण असतात. फिटर, ऑपरेटर, सुपरवायझर, स्टोअरकीपर हे शब्द त्यांच्या जिभेवर रोजच असल्यामुळे त्यांची अडचण शब्दांची नसते. अडते ते त्या शब्दांभोवतीच्या वाक्यात.

म्हणून पहिली सवय अशी लावावी, की या प्रश्नाला एका शब्दाऐवजी तीन छोट्या वाक्यांत उत्तर द्यायचे: मी कोण, कोणाकडे किंवा कुठे काम करतो, आणि दिवसभर माझे हात नेमके कशात असतात. ‘आय ॲम अ फिटर. आय वर्क फॉर अ कंपनी दॅट मेक्स ब्रेक्स. आय असेंबल द पार्ट्स अँड चेक देम.’ यांतले तिसरे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण हुद्द्यांची नावे कंपनीगणिक बदलतात आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ या शब्दावरून तो माणूस विक्री करतो, हिशेब ठेवतो की फोन उचलतो, हे कोणालाच कळत नाही. पन्नास व्यवसायांची नावे पाठ करण्याआधी आपल्या स्वतःच्या कामाची दहा क्रियापदे बसवावीत.

पहिल्या वाक्यात बहुतेकांचे ‘अ’ गळते. मराठीत ‘मी शिक्षक आहे’ म्हणताना शिक्षकाच्या आधी काहीच लागत नाही, त्यामुळे ‘आय ॲम टीचर’ हे आपल्या कानाला पूर्ण वाटते. इंग्रजीत मात्र एका व्यक्तीचा व्यवसाय सांगताना ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवेच. कोणते घ्यायचे हे स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरते, म्हणून ‘ॲन इलेक्ट्रिशियन’, ‘ॲन एमबीए’, पण ‘अ सीए’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी लेक्चरर’. याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे आणि त्यात चांगल्या वळणाची मुलेच अधिक पडतात. ‘माझे वडील शिक्षक आहेत’ यातले आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेले, की ‘माय फादर आर टीचर’ तयार होते. ‘माय फादर इज अ टीचर’ म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही, हे वर्गात मला दरवर्षी नव्याने पटवून द्यावे लागते.

दुसऱ्या वाक्यासाठी तीन शब्दयोगी शब्द पुरतात. पगार देणाऱ्यासाठी ‘फॉर’, ठिकाण, विभाग किंवा क्षेत्रासाठी ‘इन’ (‘इन अ बँक’, ‘इन सेल्स’, ‘इन हिंजवडी’), आणि आपल्या ‘म्हणून’च्या जागी ‘ॲज’: ड्रायव्हर म्हणून काम करतो, ‘आय वर्क ॲज अ ड्रायव्हर’.

काळाच्या बाबतीत आधी प्रश्न नीट ऐकावा. ‘व्हॉट डू यू डू?’ यात व्यवसाय विचारलेला असतो, तर ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे या क्षणी काय चालले आहे. आपण दोन्हींना ‘आय ॲम डूइंग जॉब’ म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी नेहमीच्या कामासाठी ‘आय वर्क’ म्हणावे आणि ‘आय ॲम वर्किंग’ हे तात्पुरत्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ महिनाभर नाशिकच्या साइटवर पाठवले असेल तर, राखून ठेवावे. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही चूक आपल्या ‘पासून’ने करायला लावलेली आहे, कारण ‘2019 पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ ही दोन्ही रूपे मराठीत चालतात. इंग्रजीत सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स 2019’ आणि मोजलेल्या कालावधीला ‘फॉर फाइव्ह इयर्स’ लागते, आणि दोन्हींच्या आधी ‘आय हॅव वर्क्ड हिअर’ येते.

काही शब्द ओळखीचे असूनही फसवतात. ‘मुलगा सर्व्हिसला आहे’ याचे ‘ही इज इन द सर्व्हिस’ केले, तर तो लष्करात आहे असा अर्थ निघू शकतो. ‘ही हॅज अ जॉब’ पुरेसे आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनाही आपण प्राध्यापक म्हणतो, पण ब्रिटनमध्ये ‘प्रोफेसर’ हे विद्यापीठातले वरिष्ठ पद असते, म्हणून त्यांनी ‘लेक्चरर’ किंवा ‘टीचर’ म्हणावे. ‘प्लंबर’मधला ‘ब’ इंग्रजीत उच्चारत नाहीत. ‘क्लार्क’ हा आपला उच्चार मात्र अस्सल ब्रिटिश आहे. अमेरिकन माणूस ‘क्लर्क’ म्हणेल, तेव्हा बिचकू नये.

गेल्या वर्षी घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक ताई वर्गात आल्या आणि त्यांनी आत्मविश्वासाने सांगितले, ‘आय ॲम कुकर.’ टीच करणारा टीचर, ड्राइव्ह करणारा ड्रायव्हर, मग कुक करणारा कुकर, हा त्यांचा तर्क बिनचूक होता. बिघाड इंग्रजीत आहे, जिथे माणूस ‘कुक’ आणि ‘कुकर’ हे भांडे किंवा शेगडी. तीन वाक्यांची पद्धत लावल्यावर फळ्यावर उतरले ते असे: ‘आय ॲम अ कुक. आय रन अ स्मॉल लंच सर्व्हिस फ्रॉम होम. आय कुक फॉर फोर्टी पीपल एव्हरी डे.’ शेवटचे वाक्य वाचून त्या फळ्याजवळ आल्या, ‘फोर्टी’ पुसून ‘फोर्टी-टू’ लिहिले आणि म्हणाल्या, ‘सोमवारपासून दोन डबे वाढलेत, सर.’