ब्लेड सर्व्हर बसवताना या चुका टाळा

साधा रॅक सर्व्हर बसवताना चूक झाली तर एक मशीन अडकते. ब्लेड म्हणजे फळीसारखा पातळ सर्व्हर, आणि अशी अनेक ब्लेड ज्या पेटीत बसतात ते एन्क्लोजर. एन्क्लोजरमधली चूक सोळा मशीनना एकदम भोवते, कारण वीज, हवा, नेटवर्क आणि स्टोरेज हे सगळे त्यांच्यात सामाईक असते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या डेटा सेंटरांमध्ये मी हेच काम करतो, आणि पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे मांडतो आहे. उदाहरणे एचपीच्या सी७००० एन्क्लोजरची घेतली आहेत. ते २००६ साली बाजारात आले. उंची १० यू (यू हे रॅकमधल्या उंचीचे माप), आणि अर्ध्या उंचीची १६ ब्लेड त्यात मावतात. आता ते जुने झाले, पण एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवायची कामे अजूनही येतात.

उचलण्यापासून सुरुवात

भरलेले एन्क्लोजर २०० किलोच्या पुढे जाते. तरीही घाई असली की ते ब्लेडसकट रॅकमध्ये चढवायचा प्रयत्न होतो. असे करू नका. ब्लेड, पॉवर सप्लाय, फॅन, मागची मॉड्यूल सगळी बाहेर काढा, कोणते कुठल्या बेमधले (बे म्हणजे बसवायचा खण) ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा आणि रिकामा सांगाडाच उचला. रॅक खालून वर भरत जा. एन्क्लोजरची खोली ८०० मिमीच्या वर आहे, त्यामुळे १००० मिमी खोल रॅकमध्ये मागे केबल वळवायला जागा राहत नाही. पॉवर कॉर्ड फॅनवरून ओढल्या जातात आणि पुढे एक फॅन बदलायचा म्हटला तरी आधी कॉर्ड काढायची वेळ येते. १२०० मिमीचा रॅक मागा आणि त्यावर ठाम राहा.

ब्लेड आत सरकवताना तिचा लिव्हर पूर्ण उघडा हवा. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर हाताला अडखळ जाणवली तर जोर लावू नका. ब्लेड बाहेर घ्या, टॉर्च मारून आतल्या मिडप्लेनच्या (ब्लेड आणि मागची मॉड्यूल जोडणाऱ्या मधल्या बोर्डाच्या) पिना बघा. वाकलेल्या पिनेवर ब्लेड दाबली तर तो कनेक्टर गेलाच म्हणून समजा. ब्लेड बदलायला दहा मिनिटे लागतात. मिडप्लेन बदलायचा तर पूर्ण एन्क्लोजर बंद करावे लागते.

हिरवा दिवा शेजाऱ्याचे काही सांगत नाही

विजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागात पडलेली चूक मी इथेच पाहिली आहे.

एन्क्लोजरमध्ये सहा पॉवर सप्लाय असतात. त्यांना वीज ए आणि बी अशा दोन वेगळ्या वाहिन्यांनी, म्हणजे फीडनी, मिळते. १, २, ३ हे ए फीडवर आणि ४, ५, ६ हे बी फीडवर, ही साधी वाटणी. प्रत्येकी २४०० वॅटचे सप्लाय असतील तर एकूण १४,४०० वॅट दिसतात, पण एक फीड गेली तरी चालू राहायचे असेल तर हिशोब फक्त ७,२०० वॅटचाच करायचा. एन्क्लोजरवर देखरेख करणाऱ्या ऑनबोर्ड ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये, म्हणजे ओएमध्ये, एसी रिडंडंट हा पर्याय निवडला तर ओए ही मर्यादा स्वतः पाळते. अनेक ठिकाणी मात्र पॉवर सप्लाय रिडंडंट ठेवलेले सापडते. त्यात ओए फक्त एक सप्लाय बिघडण्याची सोय धरते आणि पाच सप्लायच्या भरवशावर ब्लेड सुरू होऊ देते. फीड गेली की तीन सप्लाय एकदम जातात.

एका ठिकाणी हे सगळे बरोबर होते. मोड बरोबर, कॉर्ड बरोबर, निळ्या ए फीडच्या, लाल बी फीडच्या. एकाच रॅकमध्ये दोन एन्क्लोजर होती, दोन्हींचा वापर साधारण साडेचार किलोवॅट. रॅकला दोन पीडीयू (वीज वाटणाऱ्या पट्ट्या), प्रत्येक ३२ अँपिअर, सिंगल फेज. रोजच्या दिवसात दोन्ही पीडीयूंवर २० अँपिअरच्या आसपास लोड. यूपीएसच्या देखभालीसाठी रात्री ए फीड बंद केली. दोन्ही एन्क्लोजर चालूच राहिली, कुठेही गडबड दिसली नाही, आम्ही पुढच्या रॅककडे वळलो. काही मिनिटांनी मागून फॅनचा आवाज एकदम थांबला. नऊ किलोवॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ३९ अँपिअर. बी पीडीयूच्या ब्रेकरने ते थोडा वेळ सोसले आणि मग तो पडला. दोन्ही एन्क्लोजर, सगळी ब्लेड, अंधारात.

ओए आपल्या सहा सप्लायपुरतीच शहाणी असते. त्याच पीडीयूवर शेजारी आणखी एक एन्क्लोजर आहे हे तिला कळत नाही, म्हणून दोन्हीकडे रिडंडन्सीचा हिरवा दिवा होता. पीडीयूवरचा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून वाचा, आणि ती बेरीज एका ब्रेकरच्या आत आरामात बसते का ते बघा. ब्रेकर लगेच पडला नाही म्हणजे लोड पेलला असे धरू नका. फीड बंद करून निदान अर्धा तास तरी थांबा.

फॅन आणि ब्लँक

फॅन दहा बसतात. कमी फॅनवर चालते, पण मग ब्लेड कुठे बसवायची यावर बंधन येते: चार फॅनवर फक्त दोन ब्लेड, त्याही डावीकडच्या पहिल्या दोन स्तंभांत. नवीन ब्लेड भलत्या बेमध्ये लावून "कूलिंग अपुरे" हा संदेश का येतो म्हणून लोक ब्लेडच बदलून मागतात. दहाही फॅन घ्या. जास्त फॅन हळू फिरले तर वीजही कमी खातात. रिकाम्या बेमध्ये ब्लँक (भोक बंद करणारे झाकण) लावणे टाळू नका, मागच्या मॉड्यूलच्या बेमध्येसुद्धा. थंड हवा मोकळ्या भोकातून निघून जाते आणि भरलेल्या ब्लेड तापतात.

मेझनीन कार्ड आणि मागचे बे

ब्लेडमधले कार्ड आणि मागचे मॉड्यूल यांची जोडी मिडप्लेनने आधीच ठरवलेली असते. अर्ध्या उंचीच्या ब्लेडमध्ये मूळ नेटवर्क पोर्ट मागच्या १ आणि २ बेवर जातात, मेझनीन १ (ब्लेडमधली जादा कार्डाची जागा) चे कार्ड ३ आणि ४ वर, मेझनीन २ चे ५ ते ८ वर. फायबर चॅनलचे (स्टोरेजच्या नेटवर्कचे) कार्ड मेझनीन २ मध्ये आणि फायबर चॅनलचे मॉड्यूल बे ३ मध्ये असेल तर लिंक कधीच येणार नाही, कितीही केबल बदला. ब्लेडचे झाकण लावण्याआधी ही जोडी कागदावर काढा.

नेटवर्क: जी लिंक पडायला हवी ती पडत नाही

मागच्या बेमध्ये एचपीचे व्हर्च्युअल कनेक्ट हे नेटवर्क मॉड्यूल वापरत असाल तर स्मार्ट लिंक चालू आहे का ते पहिल्यांदा बघा. ब्लेडचे नेटवर्क कार्ड आतल्या आत मॉड्यूलला जोडलेले असते. मॉड्यूलची बाहेरची अपलिंक (स्विचकडे जाणारी जोडणी) तुटली तरी आतली लिंक जिवंतच राहते. ऑपरेटिंग सिस्टीमला वाटते की रस्ता उघडा आहे, टीमिंग (दोन कार्डे जोडीने वापरण्याची सोय) दुसऱ्या कार्डावर जात नाही, आणि पॅकेट मॉड्यूलपर्यंत जाऊन तिथेच हरवतात. स्मार्ट लिंक चालू असेल तर अपलिंक गेल्यावर आतली लिंकही पाडली जाते आणि टीमिंग आपले काम करते. दुसऱ्या कंपन्यांकडे हीच सोय वेगळ्या नावांनी मिळते.

दुसरी चूक स्विचच्या बाजूची. दोन वेगवेगळ्या मॉड्यूलमधल्या अपलिंक एकाच पोर्ट-चॅनलमध्ये (अनेक केबलच्या एका मोळीत) बांधता येत नाहीत. प्रत्येक मॉड्यूलसाठी वेगळे पोर्ट-चॅनल हवे, आणि तेही एलएसीपीवर (मोळी दोन्ही टोकांनी आपसात ठरवण्याची पद्धत). एलएसीपी नसेल तर चार केबल लावूनही एकाच केबलवरून ट्रॅफिक जाते. स्टोरेजच्या बाजूला वरच्या फायबर चॅनल स्विचवर एनपीआयव्ही (एका पोर्टवर अनेक ओळखी चालवण्याची सोय) चालू हवे. ते बंद असेल तर ब्लेडचे एकही डब्ल्यूडब्ल्यूएन (स्टोरेज नेटवर्कवरची ओळख) वर दिसणार नाही.

मॅक पत्त्यांचे (नेटवर्क कार्डांच्या ओळखक्रमांकांचे) एक दुखणे सापडायला फार वेळ लागतो. व्हर्च्युअल कनेक्टमध्ये एचपीने ठरवून दिलेल्या मॅक पत्त्यांच्या ६४ श्रेणी असतात. दुसरे एन्क्लोजर वेगळ्या डोमेनमध्ये (व्हर्च्युअल कनेक्टच्या वेगळ्या गटात) लावताना तीच पहिली श्रेणी पुन्हा निवडली तर दोन ब्लेडना एकच पत्ता मिळतो. लक्षण असे की पिंग थोडा वेळ येते, थोडा वेळ जाते, आणि स्विचच्या लॉगमध्ये एक मॅक दोन पोर्टवर उड्या मारताना दिसतो. कोणत्या एन्क्लोजरला कोणती श्रेणी दिली त्याची एकच यादी पूर्ण सेंटरसाठी ठेवा.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी

ओए आणि आयएलओचे (ब्लेडमधल्या नियंत्रण चिपचे) सुरुवातीचे पासवर्ड कागदी टॅगवर येतात आणि पॅकिंगबरोबर कचऱ्यात जातात. आधी त्यांचे फोटो काढा. आणि ओए, व्हर्च्युअल कनेक्ट, ब्लेड यांचे फर्मवेअर एकमेकांशी जुळणाऱ्या एकाच संचातले हवे. नुसते "सगळ्यात नवीन" टाकून भागत नाही.

ब्लेड सुरूच होत नाही तेव्हा

ब्लेड लावल्यावर आयएलओ जागे होऊन ओएकडे वीज मागते, आणि ओएने होकार दिल्यावरच ती सुरू होते. याला दोनेक मिनिटे लागू शकतात, तेवढ्यात बटण दाबत बसू नका. ओएमध्ये कारण लिहिलेले असते: वीज अपुरी, कूलिंग अपुरे, की कार्ड-मॉड्यूल जोडी चुकलेली. तिथे काहीच नसेल तर ब्लेड दुसऱ्या बेमध्ये लावून बघा. बिघाड ब्लेडबरोबर गेला तर दोष ब्लेडचा, जागेवरच राहिला तर बेचा. पण व्हर्च्युअल कनेक्टचे प्रोफाइल बेला बांधलेले असते. ज्या बेमध्ये दुसऱ्या सर्व्हरचे प्रोफाइल आहे तिथे ही ब्लेड लावली आणि तो सर्व्हर सॅनवरून (सामाईक स्टोरेज नेटवर्कवरून) बूट होत असेल, तर ती त्या सर्व्हरचे मॅक आणि डब्ल्यूडब्ल्यूएन घेऊन त्याच्याच डिस्कवरून बूट होईल. म्हणून चाचणीसाठी प्रोफाइल नसलेलाच रिकामा बे निवडा.