सीपॅपचा नाकाचा मास्क आणि ह्युमिडिफायर: आधी गळती थांबवा, मग ओलावा वाढवा

सकाळी उठल्यावर घसा कोरडा ठाक, नाकात जळजळ, कधी घोळणा फुटलेला. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लावून झोपणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण ह्युमिडिफायरचा, म्हणजे यंत्राच्या हवेत ओलावा घालणाऱ्या पाण्याच्या टाकीचा, आकडा वाढवतात. दोन दिवसांत नळीत पाणी साठून गुडगुड सुरू होते, तोंडावर थेंब पडतात आणि वैतागून ह्युमिडिफायरच बंद केला जातो. खरं कारण पुष्कळदा मास्कच्या कडेला किंवा झोपेत उघड्या पडलेल्या तोंडात असतं. म्हणून आधी मास्क नीट बसवा आणि ओलावा त्यानंतर ठरवा.

तोंड उघडं राहिल्यानं नाक का वाळतं? एरवी आपण श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेतली थोडी वाफ आणि ऊब नाक परत घेतं. तोंड उघडलं की यंत्राची हवा नाकातून शिरते आणि तोंडातून निघून जाते. नाकावरून एकाच दिशेनं वारा वाहत राहतो. आतलं अस्तर वाळतं, सुजतं, नाक चोंदतं, आणि नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चक्र मध्येच तोडावं लागतं.

मास्क बसवताना

नाकाच्या मास्कचं कुशन नाकाच्या हाडावर टेकतं आणि खाली वरच्या ओठाच्या जरा वर संपतं. नाकपुड्या कुठेही दाबल्या जाता कामा नयेत. शंका असली की लोक मोठा साइज घेतात, आणि तिथेच चूक होते. मोठ्या कुशनची वरची कड हाडाच्या पुढे सरकून हवा थेट डोळ्यांत जाते, सकाळी डोळे लाल होतात. मास्कबरोबर मापाचा कागद मिळतो, तो चेहऱ्यावर धरून साइज ठरवा.

झोपण्याआधी चेहरा धुऊन कोरडा करा. क्रीम किंवा तेल लावलेल्या त्वचेवर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. मग आडवे व्हा, नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर. बसून, कमी दाबावर बसवलेला मास्क रात्री दाब चढला की फुसफुसायला लागतो. यंत्रात मास्क तपासायची सोय असेल तर ती चालू करा. ती काही वेळ जास्त दाब देते. सगळे पट्टे ढिले ठेवून कुशन नाकावर धरा, आधी वरचे पट्टे आणि मग खालचे, दोन्ही बाजूंनी सारखेच ओढा. आता मास्क पुढे ओढून चेहऱ्यापासून अर्धा इंच दूर धरा आणि अलगद परत टेकवा. कुशनच्या आतला पातळ पडदा हवेनं फुगून त्वचेला चिकटतो, आणि खरी पकड तिथेच असते. पट्टे करकचून आवळले तर हाच पडदा चुरगळतो, त्याला घड्या पडतात आणि घड्यांतून हवा सुटते. वर नाकावर वळ उठतात ते वेगळेच. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं.

हाताची मागची बाजू ओली करून मास्कच्या कडेनं फिरवा, गळती लगेच थंड लागते. डोळ्यांकडे लागली तर वरचे पट्टे बघा, ओठाकडे लागली तर खालचे. दाट मिशीवर कड कधीच पूर्ण टेकत नाही. तिथे मिशी कातरणं किंवा नाकपुड्यांत बसणारा छोटा पिलो मास्क घेणं, एवढेच पर्याय आहेत. मास्कच्या पुढच्या भागात बारीक भोकं असतात, त्यांतून सतत फुसफुस येणारच. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाजाचा त्रास होतो म्हणून त्यांवर कधीही चिकटपट्टी लावू नका. आणि यंत्र बंद असताना मास्क लावून झोपू नका.

मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असू शकतो. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं तत्सम उपकरण असेल तर चुंबक नसलेला मास्कच घ्या.

तोंड उघडं राहत असेल तर आधी नाक मोकळं करा. झोपण्याआधी नाकात सलाइनचा (मिठाच्या पाण्याचा) फवारा पुष्कळांना पुरतो. मग हनुवटीचा पट्टा वापरून बघा. तरीही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेणं शहाणपणाचं. तोंडाला टेप लावायचा सल्ला ऐकू येतो, पण आमचं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. रात्री वीज गेली, उलटी झाली किंवा नाक पूर्ण चोंदलं, तर श्वासाचा दुसरा रस्ता तोंडच आहे.

गळतीचा आकडा यंत्र दाखवतं. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत २४ लिटर प्रति मिनिट ही मर्यादा धरतात. काही यंत्रं मात्र भोकांतून जाणारी हवा धरून एकूण आकडा दाखवतात, तेव्हा तुमचं यंत्र नेमकं काय मोजतं ते पुस्तिकेत पाहा. यंत्रावरचा आकडा न बघताही एक खूण मिळते: टाकी सकाळी कोरडी पडत असेल तर पहिला संशय गळतीवर घ्या.

ह्युमिडिफायर

टाकीत डिस्टिल्ड (वाफेपासून गोळा केलेलं, क्षार नसलेलं) पाणीच घाला. उकळल्यानं जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात. पाणी वाफ होऊन जातं आणि क्षारांचा पांढरा थर तळाशी बसतो. मग टाकीखालच्या हीटरच्या तव्याची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. एखाद्या रात्री डिस्टिल्ड नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालेल, पण सवय लावू नका. निलगिरीचं तेल, अत्तर, सर्दीचा बाम यातलं काहीही पाण्यात टाकू नका. ती वाफ दाबानं सरळ फुप्फुसांत जाते.

पाणी भरताना टाकी यंत्रातून बाहेर काढा आणि कमाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका. झाकणाचं रबर नीट बसलं नाही तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि दाब कमी पडतो. यंत्र सपाट जागी, उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे नळीत जमलेलं पाणी मास्ककडे न येता टाकीकडे परतेल. टाकीत पाणी असताना यंत्र हलवलं की पाणी मोटरमध्ये शिरतं. यंत्र बिघडायचं हे टाळता येण्याजोगं कारण आहे.

आकडा मधल्या पातळीवर ठेवून सुरुवात करा आणि दोन-तीन रात्रींनी एकेका पायरीनं बदला. नाक कोरडं, शिंका, जळजळ असेल तर वर जा. नळीत पाणी, गुडगुड, ओला चेहरा असेल तर खाली या.

नळीत पाणी का जमतं ते आकड्यांत बघा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. टाकीतून वाफेनं भरलेली ३० अंशांची हवा थंड खोलीतल्या नळीत २० अंशांवर आली, तर दर घनमीटरमागे सुमारे १३ ग्रॅम पाणी नळीच्या भिंतीवर उतरतं. म्हणून उपाय नळी उबदार ठेवण्याचा. गरम होणारी नळी असेल तर तिचं तापमान एक-दोन अंश वाढवा. साधी नळी असेल तर तिला कापडी खोळ चढवा किंवा ती पांघरुणाखालून घ्या. नळीवर पंख्याचा किंवा एसीचा झोत येऊ देऊ नका. एवढं करूनही पाणी जमलं तरच ओलावा कमी करा.

साफसफाई

रोज सकाळी उरलेलं पाणी फेका, त्यावर नवं पाणी ओतू नका. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि टाकीला बुळबुळीत थर धरतो. हीटरचा तवा गरम असतो, तो थंड झाल्यावरच टाकी काढा. कुशनही रोज सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवा. त्यावर चेहऱ्याचं तेल साठलं की गळती वाढते. नळी, टाकी आणि पट्टे आठवड्यातून एकदा धुवा आणि सावलीत वाळवा. क्षारांचा थर दिसला तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी टाकीत काही वेळ ठेवून खळखळून धुवा. ब्लीच आणि अल्कोहोल वापरू नका. ओझोन वायूनं साफ करणारी उपकरणंही नकोत. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२० मध्ये त्यांच्याबद्दल सावध केलं आहे. फिल्टर दर महिन्याला बघा, काळा पडला की बदला. कुशन मऊपणा गमावून पिवळं पडलं, तर पट्टे कितीही आवळले तरी ते नीट बसणार नाही, बदला.

ऑक्सिजन जोडलेला असेल तर आधी सीपॅप सुरू करा, मग ऑक्सिजन, आणि बंद करताना उलट क्रम. यंत्र बॅटरीवर चालवायची वेळ आली तर ह्युमिडिफायरचा हीटर बंद करा, कारण मोटरपेक्षा वीज तोच जास्त खातो. टाकीत पाणी असेल तर हवा त्यावरून जाताना थोडा ओलावा तरीही घेते. नाकातून रक्त वारंवार येत असेल, किंवा मास्क नीट बसूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर डॉक्टरांकडे जा. यंत्राचा दाब मात्र स्वतः बदलू नका.