विश्रामबागेतल्या घरात सिनेमा करायचा तर

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या कॉलनीत घडणारा, फारसा न बोलणारा सिनेमा स्वतःच्या पैशांत करायचा असेल, तर घर निवडताना डोळ्यांआधी कान वापरा. संवाद कमी असले की प्रेक्षक खोली ऐकतो. ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी त्या घरात दहा मिनिटं गप्प बसून या. रेल्वेचा भोंगा, शाळेची घंटा, शेजारचं बांधकाम, सगळं वेळेसकट लिहून घ्या. ऊसतोडीच्या हंगामात मोठ्या रस्त्यालगतचं घर घेऊच नका. गाणी लावून जाणाऱ्या ट्रॅक्टरांपुढे एकही टेक टिकत नाही. पावसाळ्यात पत्र्याची शेड असलेलं घर तसंच बाद.

टेकच्या आधी पंखे आणि फ्रीज बंद. बंद करतानाच गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला. बूम माइक, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, नटाच्या डोक्यावर दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या अगदी कडेला हवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा आणि रेकॉर्डरच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्येक खोलीची निव्वळ शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. ती नसेल तर संकलनात दोन वाक्यांमधली जागा पोकळ वाटते आणि कट कानाला खटकतो. कुकरची शिट्टी, भांडी, गेटची कडी हे मात्र वेगळं रेकॉर्ड करून नंतर घाला.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर धरा, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात. पांढऱ्या भिंतीवर चाचणी घेऊन वाईट निघतील ते बल्ब बदला. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, शक्यतो शेजारच्या खोलीतून दारातून पाहणारा असू द्या. खोल्या लहान असतात. जवळून वाइड लेन्स लावली की चेहरे ताणले जातात आणि घर उगाच मोठं दिसतं.

पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशोब इथे चालत नाही. ‘दूध उतू जाईपर्यंत ती पाहत राहते’ ही एक ओळ तीन-चार मिनिटं खाते. असे प्रसंग आधी करून घड्याळ लावून मोजा, मगच दिवसांची आखणी करा. दूध दर टेकला गार, तेवढंच आणि त्याच पातेल्यात हवं. अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या जास्त आणा.

नटांची सांगलीत उणीव नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभं केलं ते याच गावात. पण रंगमंचावर तयार झालेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि ती सवय दिग्दर्शकाने ‘हळू बोला’ म्हटल्याने जात नाही. तालमी हॉलमध्ये नकोत, त्याच घरात घ्या. दोघांना हाताच्या अंतरावर बसवा आणि आतल्या खोलीतल्या माणसाला शब्द कळणार नाहीत एवढ्याच आवाजात बोलायला लावा. दोन-तीन तालमींत हातवारेही आपोआप आटतात.

भिंतीवरचं घड्याळ फ्रेममध्ये येत असेल तर सेल काढून काटे प्रसंगाच्या वेळेवर लावा. आणि दिवसभराच्या शूटिंगची दोन वेगळ्या डिस्कवर प्रत उतरवून ती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.