ट्रकचं इंजिन बदलताना: फ्युएल लाइन आणि वायरिंग

कार्बोरेटरच्या ट्रकमध्ये इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन बसवताना जुनी फ्युएल लाइन तशीच वापरू नका. कार्बोरेटरला 4 ते 7 पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब पुरतो, इंजेक्शनला बहुधा 40 ते 60 लागतो. होज इंजेक्शन रेटिंगचाच घ्या. खाचांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प रबर कापतो. आतून गुळगुळीत असलेला लावा. पाइपच्या टोकाला फुगवटा नसेल तर क्लॅम्प कितीही आवळा, होज दाबाने निसटतो.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ईसीयूची (इंजिनच्या कंप्युटरची) इग्निशन फीड, म्हणजे चावीवरून येणारा वीजपुरवठा, अॅक्सेसरी वायरवरून (रेडिओ वगैरेंच्या वायरवरून) घेणं ही नेहमीची चूक. स्टार्टर फिरताना त्या वायरची वीज जाते, म्हणून चावी सोडतानाच इंजिन पकडतं, आणि लोक उगाच फ्युएल पंप बदलत बसतात. चावी ‘स्टार्ट’वर धरून ईसीयूच्या फीडवर व्होल्टमीटर लावा, बॅटरीइतकं नाही, तरी साधारण 10 व्होल्ट मिळायला हवेत.

इंजिन रबर माउंटवर असतं, त्यामुळे इंजिन ब्लॉक ते चासी वेगळी अर्थिंगची पट्टी हवीच, तीही रंग खरवडून. स्टार्टर फिरवताना बॅटरी निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात 0.2 व्होल्टच्या वर दिसलं, तर जोड साफ करा. फ्युएल पंपाला रिले (विजेवर चालणारा स्विच) द्या, फ्यूज मात्र बॅटरीजवळ.