मुंबईच्या खिडकीत बदामांची वेल

दोऱ्यासारख्या बारीक वेली आणि त्यांवर पत्त्यांतल्या बदामासारखी, चंदेरी नक्षीची पानं. नर्सरीत हिला ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची आफ्रिकी बहीणच. डर्बनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना ही वेल १८८१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या तेव्हाच्या नाताळ वसाहतीत खडकांवर लोंबताना दिसली. खडकावर पाऊस पडतो आणि लगेच निथळूनही जातो. मुंबईत ती मरते ती कुंडीत साचलेल्या पाण्याने.

माझी पहिली वेल जुलैत गेली. वरची पानं हिरवीगार, आणि खाली कंद पिकल्या चिकूसारखा मऊ. विकत आणली तशीच चिकट काळ्या मातीत ठेवली होती मी.

म्हणून रोप आणलं की आधी माती बदला. एक भाग बागेची माती, एक भाग जाडसर रेती, एक भाग विटांचे बारीक तुकडे, वर मूठभर गांडूळखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नकोच, आपल्या हवेत ते वाळता वाळत नाही. कुंडी उथळ आणि मातीची घ्या. कंद चाचपून बघा: घट्ट असेल तर जिवंत. तो अर्धा मातीबाहेर राहू द्या.

पूर्वेच्या खिडकीत सकाळचं ऊन पुरतं. पाण्याला वार ठरवू नका. पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. सहज वाकलं तर पाणी द्या, ताठ असेल तर थांबा. जूनमध्ये पाऊस लागला की कुंडी ग्रिलमधून उचलून आत, वारा खेळेल अशा जागी टांगा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी आणखी कमी.

नवी रोपं करणं तर फारच सोपं. वेलीवर पेरांपाशी मण्यांएवढ्या गाठी धरतात, तेही कंदच. वेल न तोडता अशी गाठ शेजारच्या कुंडीतल्या ओलसर मातीवर टेकवा, केसाच्या पिनेने अडकवा. मुळं धरली, नवी पानं फुटली की मगच वेल कापा.

फुलं जांभळट, इंचभराहूनही लहान, सुरईसारखी. चिलटं आत शिरतात, आतल्या केसांमुळे अडकतात, आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटतात. भिंग घेऊन जरूर बघा.