सीमाभागात राहून एआयच्या मदतीने कमाई: मराठी-कन्नड काम कसं उभं करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहून एआयच्या आधाराने चार पैसे मिळवायचे असतील, तर आधी एक हिशेब पक्का करा: यंत्र जे फुकटात आणि बिनचूक करतं, त्याचे पैसे कोणी देत नाही. सुविचारांची चित्रं, इंग्रजी ब्लॉग, ‘यशस्वी लोकांच्या दहा सवयी’ छापाचे व्हिडिओ यांचा आधीच ढीग पडलाय. मराठी आणि कन्नड या दोन भाषांमध्ये मात्र यंत्र अजून ठेचकाळतं, आणि ते नेमकं कुठं चुकलं हे दोन्ही भाषा रोज वापरणाऱ्यालाच कळतं. आपल्याकडे अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. शेजाऱ्याची कन्नड नोटीस वाचून देतात, त्याचा अर्थ समजावतात आणि चहावर सुटतात.

खाली तीन कामं दिली आहेत: सबटायटल, कागदपत्रांचं भाषांतर आणि मालाची ऑनलाइन माहिती. पहिल्यात पैसे सगळ्यात नियमित मिळतात, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिलंय.

काय काय लागतं

८ जीबी रॅमचा लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि बरं इंटरनेट. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड, दोन्ही युनिकोड (आजची प्रमाण अक्षरपद्धत) कीबोर्ड जोडून घ्या. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांच्या फुकट आवृत्त्यांवर सुरुवात होते. पहिलं काम मिळायच्या आत वर्गणी भरू नका. भाषांतरावर दुसरं मत घ्यायला केंद्र सरकारचं भाषिणी आहे, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं इंडिकट्रान्स२ आहे.

कन्नड नुसतं बोलता येतं आणि वाचता येत नाही, अशी स्थिती असेल तर आधी लिपी शिका. न वाचता येणारं भाषांतर तपासणार कसं?

सबटायटलचं काम

बेळगाव परिसरात पाककृती, शेती, कीर्तन, स्थानिक बातम्या यांचे मराठी यूट्यूब चॅनेल आहेत. त्यांना कन्नड सबटायटल दिली की जिल्ह्यातला कन्नड प्रेक्षकही मिळतो. कन्नड चॅनेलांना मराठी सबटायटल दिली की कोल्हापूर-सांगलीकडचा प्रेक्षक.

पहिली पायरी बोलण्याचं लेखन. ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल २०२२ पासून फुकट उपलब्ध आहे, आणि सबटायटल एडिट या फुकट सॉफ्टवेअरच्या आतूनच ते चालवता येतं. साध्या लॅपटॉपवर ‘स्मॉल’ मॉडेल चालतं, पण मराठीला ते कमी पडतं. ‘लार्ज’ला साधारण १० जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते घेण्यापेक्षा गूगल कोलॅब या ब्राउझरमधून वापरायच्या सेवेच्या फुकट मशीनवर चालवा. भाषा ‘आपोआप ओळख’वर सोडू नका, मराठी अशी स्वतः निवडा. नाहीतर मराठी बोलणं हिंदी समजून ते हिंदी शब्द घुसडतं. व्हिस्परमधला भाषांतराचा पर्याय फक्त इंग्रजीत नेतो. कन्नडसाठी तो निरुपयोगी आहे.

दुसरी पायरी मराठी मजकूर दुरुस्त करायची, आणि ती टाळून पुढे गेलात की सगळंच बिघडतं. बेळगावी बोलीतलं ‘येऊलालोय’ यंत्राला कळत नाही. ते तिथं काहीतरी पुस्तकी क्रियापद ठोकून देतं. मध्येच कन्नड शब्द आला की त्याचा जवळपासचा मराठी शब्द करतं. आणि जिथं कोणी बोलतच नाही, नुसता टाळ-मृदंग किंवा मोटारीचा आवाज आहे, तिथं व्हिस्पर एखादं वाक्य आपल्या मनाने रचतं आणि तेच चार-पाच वेळा छापतं. त्यामुळे शांत जागा मुद्दाम ऐकून पाहा.

तिसरी पायरी भाषांतराची. सबटायटलच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक आणि वेळ असते. ती पूर्ण फाइल एकदम देऊ नका. ४०-५० ओळींचे तुकडे करा. मोठा तुकडा दिला की एआय दोन ओळी जोडतं किंवा एखादी गाळतं, आणि तिथून पुढची सगळी सबटायटल बोलण्याच्या मागे-पुढे धावतात. सूचना अशी द्या:

‘खालच्या सबटायटलचं कन्नडमध्ये भाषांतर कर. क्रमांक आणि वेळेच्या ओळी जशाच्या तशा, इंग्रजी अंकांतच ठेव. ओळी जोडू नको, गाळू नको. बोलणारी बाई प्रेक्षकांना आदराने संबोधते, म्हणून सगळीकडे नीवु वापर. नावांसाठी सोबतची यादीच वापर.’

इंग्रजी अंकांचा आग्रह कशासाठी? कन्नड किंवा मराठीत भाषांतर करताना यंत्र उत्साहाने वेळेचे आकडेही बदलतं, आणि अशी फाइल प्लेअर उघडतच नाही. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एएनएसआय ठेवलं तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

नावांची यादी हीच तुमची खरी भांडवली वस्तू. मराठी लिपीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना वेगळी खूण नाही, कन्नडमध्ये आहे. त्यामुळे ‘बेळगावी’ हे नाव मराठीतून कन्नडमध्ये नेताना यंत्र कधी कधी पहिलं अक्षर दीर्घ लिहितं, आणि कन्नड वाचकाला ते लगेच खटकतं. आपण चिकोडी आणि निपाणी लिहितो, कन्नडमध्ये क आणि प यांना द्वित्त आहे: चिक्कोडी, निप्पाणी. गावं, आडनावं, पिकांच्या जाती, देवस्थानं यांची दोन रकान्यांची यादी एका शीटमध्ये ठेवा आणि प्रत्येक कामानंतर वाढवत न्या. शंभरेक नावं झाली की तुमचं काम इतरांपेक्षा वेगळं दिसायला लागतं.

दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्द वेगळे तपासा. मराठी ‘उद्योग’ कन्नडमध्ये नोकरी होतो, ‘अवकाश’ म्हणजे संधी. यंत्र कधी कधी तोच शब्द उचलून तसाच ठेवतं. शिवाय ते कन्नड लिहितं बेंगळूरच्या पुस्तकासारखं. कंपनीच्या माहितीपटाला ते चालेल. खानापूरच्या भातशेतीवरच्या व्हिडिओला चालत नाही, तिथं शेतकरी बोलतो तेच शब्द घाला.

शेवटी वाचनाचा वेग. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरांच्या आत, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात. कन्नड वाक्य मराठीपेक्षा लांबलं तर शब्द कापा, वेळ ओढू नका. मग मूळ आणि नव्या फाइलचे शेवटचे क्रमांक जुळवा. मूळ ३१२ आणि नवी ३०९ असेल तर तीन ओळी कुठंतरी गेल्यात.

दर मिनिटावर लावा, पण आधी स्वतःचा वेळ मोजा. दहा मिनिटांच्या भाषणाला मराठी दुरुस्ती सव्वा तास, भाषांतर आणि तपासणी तासभर, शेवटचं पाहणं वीस मिनिटं, म्हणजे यंत्राचा वेळ धरून पावणेतीन-तीन तास होतात. तासाला १५० रुपये हवेत तर त्या व्हिडिओचे ४५० रुपये, म्हणजे मिनिटाला ४५. आवाज खराब असेल किंवा चार माणसं एकदम बोलत असतील तर दीडपट सांगा. नमुना फुकट द्यायचाच तर एका मिनिटाचा द्या, अख्ख्या व्हिडिओचा नाही.

पहाणी, नोटिसा आणि इतर कागद

कर्नाटकातली जमिनीची कागदपत्रं कन्नडमध्ये. जमीन इकडे आणि वारस पुण्या-मुंबईत, अशी घरं सीमाभागात भरपूर आहेत. व्हॉट्सअॅपवर पहाणीचा (म्हणजे इकडच्या सातबाऱ्याचा) फोटो येतो आणि ‘यात काय लिहिलंय’ हा प्रश्न. फोटोतला मजकूर गूगल लेन्स किंवा जेमिनी काढून देतं, छापील कागद असेल तर बऱ्यापैकी. धोका आकड्यांत आहे.

पहाणीवर क्षेत्र २.१५ असं दिसलं तर यंत्र त्याला ‘सव्वादोन एकरांच्या आतबाहेर’ समजतं. प्रत्यक्षात ते २ एकर १५ गुंठे आहे. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे हे क्षेत्र ९५ गुंठे झालं, दशांशात २.३७५ एकर. सातबाऱ्याची सवय असलेल्याला आर हवे असतात: ते सुमारे ९६ आर भरतात. ही एक चूक भाऊबंदकीत तेल ओतायला पुरेशी आहे. जुन्या कागदावर कन्नड अंक असतील तर आणखी सावध राहा. कन्नड १ हा जवळपास गोलच असतो, आणि यंत्र त्याला शून्य वाचतं. आकडे मूळ कागदाशी डोळ्यांनी, एकेक करून जुळवा.

कागद एआयला देण्याआधी आधार क्रमांक, फोन, खाते क्रमांक झाका आणि नावांच्या जागी अ, ब, क लिहा. चॅटजीपीटीच्या डेटा सेटिंगमध्ये मॉडेल सुधारण्यासाठी संभाषण वापरण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. भाषांतराच्या वर ‘केवळ माहितीसाठी’ असं ठळक लिहा. कोर्ट, बँक किंवा खरेदीखतासाठी भाषांतर हवं असेल तर गिऱ्हाइकाला वकिलाकडे पाठवा. तिथं चुकीची जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

यापेक्षा निवांत काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत मिळू शकतं. मशीनची पुस्तिका इंग्रजीत, कामगार मराठी आणि कन्नड. सुरक्षिततेच्या सूचना, मशीन चालवण्याच्या पायऱ्या दोन्ही भाषांत करून द्यायच्या. इथं भाषांतर झालं की ते त्या मशीनवरच्या कामगाराला वाचायला द्या. तो ‘व्हॉल्व्ह’ म्हणत असेल तर ‘झडप’ लिहून उपयोग नाही.

छपाईत अक्षरं का फुटतात

तुमचा एआयचा मजकूर युनिकोडमध्ये असतो. छापखान्यात मात्र बऱ्याचदा कोरलड्रॉ आणि त्यात नुडी किंवा श्रीलिपीचे जुने फाँट असतात. मजकूर तिथं चिकटवला की जोडाक्षरं सुटी होतात, कन्नडमधली खालची जोड-अक्षरं बाजूला पडतात. दोन उपाय: नोटो सान्स कन्नड किंवा बलू तम्मा यांसारख्या युनिकोड फाँटमध्ये स्वतः मांडणी करून, फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, नाहीतर कन्व्हर्टरने जुन्या फाँटमध्ये बदलून प्रत्येक जोडाक्षर पुन्हा वाचा.

दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम २०२४ मध्ये कायद्यात आल्यापासून पाट्यांचा मजकूरही लोक करून मागतात. एआयला नुसतं ‘कन्नड कर’ म्हटलं तर ते ‘नवीन स्टोअर्स’मधल्या नवीनचंही भाषांतर करून ‘होस’ करतं. नाव लिप्यंतरित करायचं (उच्चार तोच, अक्षरं कन्नड), व्यवसायाचा प्रकार भाषांतरित करायचा, असं स्पष्ट सांगा. एआयने काढलेल्या चित्रात थेट अक्षरं घेऊ नका. ती कन्नडसारखी दिसतात आणि वाचता येत नाहीत. चित्र वेगळं घ्या, अक्षरं कॅन्व्हात टाका.

माल विकणाऱ्यांसाठी लिस्टिंग

बेळगावातल्या शहापूर-वडगावची साडी, अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल. कारागिराला माल करता येतो, त्याची माहिती ऑनलाइन लिहिता येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, हे वर्णनात जरूर घाला. या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची नोंद झालीय का, हे मात्र कारागिराला विचारूनच. चामड्याचा प्रकार, तळाची जाडी, मापं तुम्ही द्या आणि एआयकडून फक्त वाक्यं घडवून घ्या. मापं त्याला विचारलीत तर ते बेधडक खोटी सांगतं. फोटो खरेच हवेत. पार्श्वभूमी काढायला एआय वापरा, चप्पल ‘सुंदर’ करायला नको. तशी चप्पल पार्सलमध्ये निघत नाही आणि माल परत येतो.

एक अडचण खास आपल्या भागाची आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्सवर माल विकता येतो, पण राज्याच्या आतच. निपाणीची चप्पल बिदरला पाठवता येईल, शेजारच्या कागलला नाही. कारागिराला हे आधी सांगा.

यूट्यूब आणि ‘घरबसल्या टायपिंग’

स्वतःचा चॅनेल काढायचा तर जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यू लागतात. एआयच्या आवाजात, एकाच साच्याचे, घाऊक बनवलेले व्हिडिओ यूट्यूब कमाईतून वगळतं. पटकन पैशाचा हा मार्ग नव्हे.

टेलिग्रामवर रेटिंग द्यायची कामं, नोंदणी फी घेऊन दिलेलं टायपिंग, ‘तुमचं खातं वापरू द्या, कमिशन घ्या’ यांत पडू नका. तिसऱ्यात तर गुन्ह्याचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

पैसे घेताना

स्थानिक गिऱ्हाइकाकडून अर्धे आगाऊ, यूपीआयवर. एजन्सीशी दर शब्दावर ठरतो. ‘यंत्राचं भाषांतर तपासा’ म्हणून कमी दर सांगतात, तेव्हा मूळ फाइल बघितल्याशिवाय हो म्हणू नका, कारण वाईट यंत्रभाषांतर दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने करणं लवकर होतं. फायव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटवर विक्रेत्याच्या रकमेतले २० टक्के कापले जातात, म्हणून १,००० हवे असतील तर दर १,२५० लावा. भारतात पेपॅलवर फक्त परदेशातले पैसे येतात, त्यासाठी पॅन आणि व्यवहाराचा पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) लागतो.

जीएसटीत मालाचा आणि सेवेचा नियम वेगळा आहे. भाषांतर ही सेवा, त्यामुळे पुण्याच्या एजन्सीला बिल दिलं तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बिलावर पॅन, तारीख, कामाचे शब्द किंवा मिनिटं लिहा. एजन्सीने टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर दिसतो का, हे आयकर पोर्टलवर दर तिमाहीला तपासा. दिसत नसेल तर त्यांच्या हिशेबनिसाला तेव्हाच कळवा, मार्चनंतर नाही.