जुन्या कोअर टू ड्युओवर ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ येतंय? मशीन बदलू नका, फ्लॅग बघा

जळगाव-धुळ्याकडं अजून कितीतरी क्लासच्या लॅबमध्ये, दुकानात कोअर टू ड्युओ आणि फर्स्ट जनरेशन आय३ चालू आहेत आणि लिनक्स टाकलं की चांगलं काम देतात. पण भो, सोर्सवरनं, म्हणजे मूळ कोडवरनं, काही बिल्ड केलं की कंपाइल शेवटपर्यंत होतं, एक एरर नाही, आणि रन केल्या केल्या ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’. मग कोणी म्हणतं रॅम गेली, कोणी म्हणतं भंगारात द्या. मशीनला काहीच झालेलं नसतं, त्या बायनरीत, म्हणजे बनलेल्या प्रोग्रॅममध्ये, या प्रोसेसरला न येणारी इन्स्ट्रक्शन घुसलेली असते.

(कंपायलरला द्यायचे पर्याय म्हणजे फ्लॅग, ते आणि कमांड इथं देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर इंग्रजीतच टाका.)

आधी ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड मारा आणि त्यातली फ्लॅग्सची लाइन नीट वाचा, प्रोसेसरला काय काय येतं त्याची ती यादी. एसएसई, एव्हीएक्स हे इन्स्ट्रक्शनचे संच. एसएसई३ तिथं ‘पीएनआय’ नावानं येतं, दिसलं नाही म्हणून घाबरू नका. आणि मशीन कोणत्या सालचं यावर जाऊच नका, पेंटियम जी२०२० हा २०१३ चा तरी त्यात एव्हीएक्स नाही, २०११ च्या आय३-२१०० मध्ये मात्र आहे. ई७५०० वाल्या कोअर टू ड्युओत एसएसई४.१ पर्यंतच गाडी जाते, ४.२ नाही अन पॉपकाउंट ही इन्स्ट्रक्शन पण नाही.

बहुतेक वेळा गडबड ‘-मार्च=नेटिव्ह’ या कंपायलर फ्लॅगची असते. कंपायलर ज्या मशीनवर चालतोय त्याच्याच हिशोबानं कोड बनवतो, म्हणजे पुण्यात नव्या लॅपटॉपवर बिल्ड करून पेनड्राइव्हनं भुसावळला आणलं तर एव्हीएक्स२ सोबत येणारच. त्याऐवजी ‘-मार्च=कोअर२’ द्या, आणि एकच बायनरी सगळ्या लॅबमध्ये चालवायची असेल तर ‘-मार्च=एक्स८६-६४’. ‘-एमट्यून’ काहीही ठेवा, तो फक्त वेग जुळवतो, त्यानं नवीन इन्स्ट्रक्शन येत नाहीत. ‘एक्स८६-६४-व्ही२’ पासून जपून, नावावरनं जुनं वाटतं पण त्याला एसएसई४.२ लागतं, कोअर टूवर नाही चालत.

फ्लॅग देऊनही क्रॅश होतंय? मग ‘मेक व्हर्बोस=१’ करून खरी कमांड बघा, कारण मेकफाइल, म्हणजे बिल्डच्या कमांड असलेली फाइल, कधी कधी तुमच्या फ्लॅगच्या मागं स्वतःचं ‘-मार्च=नेटिव्ह’ चिकटवते आणि शेवटचं असतं तेच लागू होतं. सीमेक या बिल्ड टूलमध्ये तर ‘सीफ्लॅग्स’मधले फ्लॅग फक्त पहिल्या कॉन्फिगरला वाचले जातात, नंतर कितीही बदला उपयोग नाही, बिल्ड फोल्डर उडवा आणि परत करा. काही प्रोजेक्टची स्वतःची बटणं असतात. लामा.सीपीपी या एआय मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेटिव्ह ऑफ केलं तरी एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए, एफ१६सी, बीएमआय२ वेगळे ऑफ करावे लागतात, कोअर टूवर एसएसई४२ सुद्धा.

तरी सापडत नसेल तर जीडीबी या डीबगरमध्ये रन करा, क्रॅश झालं की ‘एक्स/आय $पीसी’ टाका, कोणत्या इन्स्ट्रक्शनवर अडकलं ते दिसेल. ‘व्ही’नं सुरू होणारं काही दिसलं, ‘व्हीमूव्हडीक्यूयू’ वगैरे, तर बहुतेक एव्हीएक्स. मग ‘बीटी’ मारून बघा, तुमचा कोड आहे की बाहेरची लायब्ररी. लायब्ररी निघाली तर तुमचे फ्लॅग बदलून काही होणार नाही, तीच सोर्सवरनं बिल्ड करावी लागेल. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंग लायब्ररीच्या रेडिमेड पॅकेजला १.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, एव्हीएक्स लागतं ते याच प्रकारातलं.

आणि २ जीबी रॅम असेल तर ‘मेक -जे१’च ठेवा, म्हणजे एका वेळी एकच काम चालेल, जास्त दिले की कंपायलर मध्येच ‘किल्ड’ होतो आणि माणूस उगाच फ्लॅग शोधत बसतो.